पलटणीला किल्ट पुरवायचा असेल तर : कापडाच्या गठ्ठ्यापासून परेडपर्यंत

लग्नासाठी किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधले पुरुष घालतात तो चुण्यांचा, बहुतेक चौकडीचा लोकरी घागरा, शिवून घेणारा माणूस आरशात समोरून बघतो, समोरून नीट दिसला की खूश. परेड बघणारे लोक सैनिकांना बघतात ते बहुतेक वेळ पाठीमागून नाहीतर बाजूने, कारण पलटण पुढं निघून जात असते. किल्टच्या सगळ्या चुण्या पाठीमागंच असतात, त्यामुळं तीस जण एका तालात पाय टाकतात तेव्हा तीस किल्ट एकदमच हलायला हवेत, आणि त्यात एकाच्या चुण्या जरा जास्त फुगल्या किंवा एकाची पिवळी रेष अर्धा इंच सरकली तर तोच एक डोळ्यात भरतो. मी स्कॉटलंडमध्ये हायलँड ड्रेसच्या, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातल्या पारंपरिक पोशाखाच्या, वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काम केलंय, आणि मला सगळ्यात आधी शिकवलं गेलं ते हेच, की फौजेचा किल्ट एका माणसासाठी नसतो, रांगेसाठी असतो. पुढं जे जे लिहिलंय ते सगळं या एकाच गोष्टीतून आलंय.

आमच्या घरी इचलकरंजीला लूम होते म्हणून मला कापडाचं वेड आधीपासून, त्यामुळं कापडाबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, चालवून घ्या.

आधी बघा पैसे कोण देतंय

हे न बघता लोक थेट शिलाईचा भाव काढायला बसतात आणि तिथंच फसतात. स्कॉटिश सैनिकांच्या पोशाखाला साधारण तीन प्रकारचे खरेदीदार असतात. पहिला म्हणजे ब्रिटनचं संरक्षण मंत्रालय, सैनिकाला सरकारी म्हणून जो किल्ट मिळतो तो त्यांच्या कॉन्ट्रॅक्टमधून येतो. दुसरा म्हणजे रेजिमेंटचा स्वतःचा फंड किंवा पाइप बँड (बॅगपाइप वाजवणाऱ्यांचा), यांना बँडसाठी काही जादा वस्तू, दुरुस्त्या, एखादा प्लेड (खांद्यावरून घ्यायचं कापड), जुना स्पोरन (किल्टच्या पुढं लटकणारी पिशवी) नव्याने बांधून हवा असतो. तिसरा म्हणजे ऑफिसर लोक, ते मेस ड्रेस (मेसमधल्या जेवणाचा औपचारिक पोशाख) वगैरे बरंच सामान स्वतःच्या टेलरकडून शिवून घेतात.

सरकारी काम असेल तर टेंडर फाइंड अ टेंडर नाहीतर डिफेन्स सोर्सिंग पोर्टलवर येतं. त्यातली तीन कागदं पूर्ण वाचल्याशिवाय किंमत टाकू नका. एक स्पेसिफिकेशन, म्हणजे कापडाचं वजन, रंग, टाके, बक्कल, सगळं. दुसरा साइझ रोल, म्हणजे कुठल्या मापाचे किती नग. तिसरा नाटो स्टॉक नंबर, हा १३ आकड्यांचा असतो, पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात आणि त्यापुढचे दोन देशाचा कोड, ब्रिटनचा कोड ९९. पुरुषांच्या बाहेरच्या कपड्यांचा वर्ग ८४०५ आणि बॅज वगैरेचा ८४५५. हे आकडे कंटाळवाणे वाटतात पण गठ्ठ्यावरच्या लेबलवर एक आकडा चुकला तर स्टोअरवाले माल आत घेत नाहीत, आणि माल आत गेला नाही म्हणजे बिल पुढं सरकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, सील्ड पॅटर्न. ब्रिटिश फौजेत जुनी पद्धत आहे की मंजूर झालेल्या नमुन्याच्या वस्तूला लेबल बांधून त्यावर लाखेचा सील मारायचा आणि मग तोच नमुना शेवटचा शब्द. कागद आणि नमुना यात फरक दिसला तर स्वतःच्या मनाने ठरवू नका, लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. फोनवर कुणी "हो हो चालेल" म्हटलं त्याला काही अर्थ नसतो, सहा महिन्यांनी तो माणूस दुसऱ्या पोस्टिंगवर गेलेला असतो.

कुठल्या पलटणीला कुठलं कापड

आत्ताची मुख्य स्कॉटिश पायदळ रेजिमेंट म्हणजे रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड, २८ मार्च २००६ ला जुन्या रेजिमेंट एकत्र करून केली. हिचं टार्टन, म्हणजे ठरलेल्या रंगांचं चौकडीचं कापड, गव्हर्नमेंट १ए. गडद निळा, काळा आणि हिरवा असं जे ब्लॅक वॉच या जुन्या पलटणीचं टार्टन सगळ्यांना माहितीय, त्याच घराण्यातलं, पण शेड आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स वापरायचे ती, जरा उजळ. इथंच नवीन पुरवठादार गडबडतो. दुकानात "ब्लॅक वॉच" म्हणून मिळणारं कापड आणि हे कापड यांचं डिझाइन सारखंच दिसतं, फोटोत तर फरक कळतच नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून उन्हात बघितलं की हिरवा लगेच वेगळा दिसतो. म्हणून "ब्लॅक वॉच द्या" अशी ऑर्डर गिरणीला कधीच द्यायची नाही, शेडचा मंजूर तुकडा पाठवायचा आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

जुन्या रेजिमेंटांची टार्टन अजून लागतात, कॅडेट युनिट आहेत, माजी सैनिकांच्या संघटनांचे बँड आहेत, म्युझियम आहेत. गॉर्डन हायलँडर्सचं म्हणजे तेच सरकारी (गव्हर्नमेंट) टार्टन आणि त्यात पिवळी रेष. सीफोर्थचं मॅकेन्झी, त्यात पांढरी आणि लाल रेष. कॅमरन हायलँडर्सचं मात्र वेगळंच, कॅमरन ऑफ एराक्ट, ते सरकारी टार्टनवर रेष टाकून केलेलं नाही. लंडन स्कॉटिश ही १८५९ ची पलटण तर टार्टन घालायचीच नाही, त्यांचा किल्ट साध्या एकरंगी कापडाचा, हॉडन ग्रे म्हणतात त्याला. स्कॉट्स गार्ड्सच्या पाइप वाजवणाऱ्यांना लाल रॉयल स्टुअर्ट, त्याच पलटणीतले बाकी जवान किल्ट घालत नाहीत. म्हणजे एकाच युनिटमध्ये पाइपरचं कापड एक आणि बाकी जवानांचा पोशाख वेगळा असं असू शकतं, ऑर्डर घेताना "हे बँडसाठी की कंपनीसाठी" हा प्रश्न विचारायचाच.

बॅजचंही तसंच. जुन्या हायलँड लाइट इन्फंट्रीच्या बॅजवर हत्ती आहे आणि त्याच्यासोबत असई लिहिलेलं आहे. हे आपलं जालना जिल्ह्यातलं असई, २३ सप्टेंबर १८०३ ची मराठ्यांशी झालेली लढाई, त्यात ७४ आणि ७८ नंबरच्या हायलँड रेजिमेंट इंग्रजांच्या बाजूने लढल्या आणि त्यांना तो हत्तीचा मान मिळाला. मी पहिल्यांदा एका जुन्या ग्लेनगॅरीवर तो हत्ती बघितला तेव्हा कितीतरी वेळ हातातली सुई तशीच धरून बसले होते. आपल्या मातीतल्या मेलेल्या माणसांची खूण इतक्या लांब एका टोपीवर. असो, कामाचं सांगायचं तर बॅज हा रेजिमेंटच्या मानाचा विषय आहे, "साधारण तसाच दिसणारा" बॅज लावून माल पाठवला तर परत येतो आणि नाव जातं ते वेगळंच.

कापड घेताना

किल्टचं कापड लोकरीचं वर्स्टेड, टू-टू ट्विल विणीचं. वजन औंसात सांगतात. साध्या कपड्यांसाठी १३ औंस, चांगल्या जड किल्टसाठी १६, आणि फौजी कापड त्याच्याही वर, १८ ते २२ औंसपर्यंत जातं. हे वजन दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं असतं हे लक्षात ठेवा, कारण कुणी एकेरी पन्ह्याचा आकडा सांगून भाव दिला तर तुलना पूर्ण चुकते. फौजेला जड कापड का लागतं तर चुणी पडून राहत नाही, वाऱ्यात उडत नाही, चालताना झोका घेऊन परत जागेवर येते, आणि दहा-पंधरा वर्षं इस्त्री खाऊन टिकते.

एका किल्टला आठ वार कापड म्हणतात. आपल्याकडं नऊवारी, त्यांच्याकडं आठवारी, आणि निऱ्यांची भाषा दोघांनाही कळते. पण हे आठ वार एकेरी पन्ह्याचे. कापड येतं दुहेरी पन्ह्याचं, साधारण ५४ ते ६० इंच, म्हणून प्रत्यक्षात चार वार घ्यायचं आणि लांबीत मधोमध फाडून दोन पट्ट्या करायच्या. २० औंसाचं असेल तर चार वाराचे ८० औंस, म्हणजे सव्वादोन किलोच्या पुढं, नुसतं कापडच.

आता काठाचं बघा, कारण किल्टला खाली दुमड नसते. कापडाचा विणलेला काठ हीच किल्टची खालची कड. म्हणून गिरणीला सांगून किल्टचा काठ विणून घ्यावा लागतो, घट्ट, सपाट, झालर न सुटलेला. यातून दोन गोष्टी निघतात. एक, खालून लांबी कधीच कमी-जास्त करता येत नाही, जे काय करायचं ते वर कमरेकडं. दोन, मधोमध फाडल्यावर एका पट्टीचा काठ डावीकडं आणि दुसरीचा उजवीकडं येतो, तेव्हा एक पट्टी टेबलावरच गोल फिरवून उलट्या टोकाने आणायची, म्हणजे दोन्ही काठ खाली येतात. सरकारी टार्टन दोन्ही बाजूंनी सारखं वाचलं जातं म्हणून फिरवलं तरी नक्षी जुळते, ट्विलची तिरकी रेघही त्याच दिशेला राहते. पट्टी पालथी मात्र घालायची नाही, तसं केलं की तिरकी रेघ उलटी होते आणि उन्हात अर्धा किल्ट वेगळा चमकतो. दोन पट्ट्यांचा जोड एखाद्या चुणीच्या आतल्या घडीत लपवायचा.

रंगाचा लॉट. हे मी ठळक अक्षरात सांगीन. एका युनिटची ऑर्डर एकाच डाय लॉटमधून, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालातून, घ्या, आणि दहा टक्के जादा घ्या. आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा ऑर्डर वाढली आणि शेवटच्या काही किल्टांसाठी दुसऱ्या लॉटचं कापड आलं, आत ट्यूबलाइटखाली कुणालाच काही दिसलं नाही, मी स्वतः तपासून सही केली होती, आणि मैदानावर ढगाळ उजेडात ते किल्ट वेगळे उठून दिसले, निळा जांभळ्याकडं झुकलेला. सगळे परत घेऊन नव्याने शिवावे लागले. तेव्हापासून मी कापड खिडकीत, दिवसाच्या उजेडात, आधीच्या लॉटच्या तुकड्याशेजारी ठेवूनच पास करते.

टार्टन रंगाचे धागे मोजून विणायची पद्धत जुनी आहे बरं का. बॅनकबर्नच्या विल्सन नावाच्या विणकरांनी अठराव्या शतकापासून हायलँड रेजिमेंटांना टार्टन पुरवलं, आणि त्यांचं १८१९ चं पॅटर्न बुक प्रसिद्ध आहे, कुठल्या टार्टनमध्ये कुठल्या रंगाचे किती धागे ते लिहून ठेवलेलं. शिपायांना जाड खरखरीत कापड आणि सार्जंट-ऑफिसरना बारीक, असे दर्जेही वेगळे ठेवायचे. त्याच्याआधी १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये सामान्य पुरुषांना हायलँड पोशाख बंद केला होता, १७८२ मध्ये तो उठला, पण फौजेतल्या हायलँड रेजिमेंटांना तेव्हाही सूट होती. म्हणजे मधली पस्तीसेक वर्षं हा पोशाख उघडपणे चालू राहिला तो मुख्यतः पलटणींमुळं, आणि त्यांना कापड पुरवणाऱ्या विणकरांमुळं.

मापं

तीन मापं लागतात. कंबर, सीट, आणि लांबी. किल्टची कंबर पँटची नव्हे, बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली जी खरी कंबर असते ती. जवानाला विचारलं की तो जीन्सचा साइझ सांगतो, तो लिहू नका, टेप लावा. सीट म्हणजे पाठीमागून सगळ्यात भरलेली जागा, टेप आडवा सरळ. लांबी कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापर्यंत, नेमकं कुठं ते युनिटची ड्रेस ऑर्डर सांगते, ती आधी मागून घ्या. पडताळा म्हणून जवानाला ताठ गुडघ्यावर बसवा, काठ जमिनीपासून साधारण एक इंच वर राहायला हवा.

मापं एकाच माणसाने घ्यावीत. दोन जणांनी घेतली की एकाचा हात सैल, एकाचा आवळ, आणि रांगेत ते दिसतं. बूट घालून उभं करा, पोटात श्वास ओढून घेऊ देऊ नका, जवान मंडळी टेप बघितला की छाती काढून उभी राहतात. बोलत राहायचं, गावाकडचं काहीतरी विचारायचं, मग सैल होतात, तेव्हा माप घ्यायचं.

आणि एक, सरकारी किल्ट एका जवानापाशी कायम राहत नाही. तो नोकरी सोडतो, बारीक होतो, जाड होतो, किल्ट स्टोअरमध्ये परत जातो आणि दुसऱ्याला दिला जातो. म्हणून बक्कलांना भोकं अशी ठेवा की दोनेक इंच तरी इकडं-तिकडं होता येईल, आणि किल्टचा पुढचा, चुण्या नसलेला भाग दोन पदरी असतो, त्यातल्या आतल्या पट्ट्यात थोडं कापड राखून ठेवा. लग्नाच्या किल्टमध्ये आपण असं करत नाही, तिथं अंगाबरोबर बसवतो. इथं बसवायचा पण पुढच्या माणसाचा विचार करून.

चुण्यांचा हिशोब

आता खरं काम. टार्टनची नक्षी ठरावीक अंतराने परत येते, त्या तुकड्याला सेट म्हणतात. चुण्या दोन तऱ्हेने घालतात. एक, मागच्या बाजूला पूर्ण नक्षी परत तशीच दिसेल अशी, ही साध्या लोकांची पद्धत. दुसरी, प्रत्येक चुणीच्या मधोमध एकच ठरावीक रेष येईल अशी, ही फौजेची. फौजी पद्धतीत मागून बघितलं की नक्षी नाहीशी होते आणि उभ्या पट्ट्यांची रांगच्या रांग दिसते, आणि चालताना चुण्या उघडल्या की आतला रंग चमकून जातो. म्हणूनच ती परेडवर इतकी सुंदर दिसते. चुणी एका बाजूला मोडलेली चाकू-चुणी असेल किंवा दोन्ही बाजूंनी मोडलेली बॉक्स, हे पलटणीप्रमाणं बदलतं, गॉर्डनवाले चाकू घालायचे, ब्लॅक वॉचवाले बॉक्स. नमुना बघायचा.

हिशोब उदाहरणाने करू. समजा कंबर ३४ इंच, सीट ४०. कापड आठ वार म्हणजे २८८ इंच. समोरचा पट्टा, त्याच्या आतला पट्टा, दोघांच्या कडा आणि बाजूच्या खोल घड्या मिळून समजा ६४ इंच गेले. राहिले २२४. ज्या रेषेवर चुणी घालायची त्या रेषेपासून पुढच्या तशाच रेषेपर्यंतचं अंतर समजा ७ इंच, तर २२४ भागिले ७, बत्तीस चुण्या. सीटचा अर्धा भाग समोरच्या पट्ट्याने झाकला, उरलेला अर्धा म्हणजे २० इंच चुण्यांनी भरायचा, २० भागिले ३२ म्हणजे ०.६२५, पाच अष्टमांश इंच. म्हणजे सीटपाशी प्रत्येक चुणी पाच अष्टमांश दिसली पाहिजे. कमरेपाशी १७ भागिले ३२, अर्ध्या इंचाहून जरासं जास्त. सीटपासून कमरेपर्यंत प्रत्येक चुणी इतकी निमुळती होत जाते, सगळा आकार त्यातूनच येतो.

आता बघा, प्रत्येक चुणीत सोळावा हिस्सा इंचाची चूक झाली, जी डोळ्याला दिसत पण नाही, तर बत्तीस चुण्यांत किती? पूर्ण दोन इंच. म्हणून शिकणाऱ्या मुलींना मी सांगते की दर चार चुण्या झाल्या की टेप लावा, शेवटी लावायचा नाही.

अंतर मोजताना पुस्तकातला आकडा घेऊ नका, समोरच्या कापडावर मोजा, आणि एक सेट नाही तर दहा सेट मोजून दहाने भागा. विणताना ताण कमी-जास्त झाला की सेट पाव इंचाने बदलतो आणि पाव इंच गुणिले बत्तीस म्हणजे आठ इंच कापड कमी पडलं.

शिलाई

समोरचा पट्टा आधी ठरवायचा, त्याच्या मधोमध नक्षीचा मध्य यायला हवा, आडव्या रेषा बेल्टला समांतर. मग खडूने सीटची रेघ आणि कमरेची रेघ. मग चुण्या एकेक करून घडी घालायच्या आणि हाताने शिवायच्या, बारीक टाका, धाग्याचा रंग त्या जागेच्या रंगाचा, निळ्यावर निळा, हिरव्यावर हिरवा. चुणी वरून सीटपर्यंतच शिवायची, साधारण वरचा एक तृतीयांश भाग, त्याच्या खाली मोकळी. शिवलेला भाग कितीही सुंदर झाला तरी काठ खाली एका रेषेत आला नाही तर उपयोग नाही, म्हणून प्रत्येक चुणी घडी घालताना काठ जुळवायचा आणि मग वर जायचं, उलट नाही.

सगळ्या चुण्या झाल्या की वरच्या भागात आतून कापडाचा गठ्ठा होतो, तो कापून हलका करतात, पण जपून, पुढं दुरुस्ती करायची झाली तर धरायला कापड उरलं पाहिजे. मग आतून आडवी मजबूत पट्टी शिवायची जी चुण्यांचं वजन पेलते, हे लोक विसरतात, आणि मग दोन वर्षांत चुण्या वरून ताणल्या जाऊन उघडतात. मग कॅनव्हास, मग अस्तर. अस्तर फक्त वरच्या भागाला.

चामड्याचे पट्टे आणि बक्कल साधारण तीन, उजवीकडं दोन आणि डावीकडं एक. किल्ट पुरुषाच्या उजव्या बाजूला उघडतो, आतला पट्टा उजवीकडून डावीकडं जातो आणि त्याचा चामड्याचा पट्टा डाव्या बाजूच्या काजातून बाहेर येऊन बक्कलला लागतो. हे काज घट्ट शिवा, सगळ्यात आधी फाटतं ते हेच.

चुण्यांना काठापर्यंत कच्चा धावदोरा घालून ओल्या फडक्याने, जड इस्त्रीने दाबून बसवायचं, घासायचं नाही, दाबायचं आणि उचलायचं. कच्चा दोरा डिलिव्हरीपर्यंत काढायचा नाही. एका किल्टला हाताने पंधरा-वीस तास लागतात, घाई करणाऱ्याला यात पैसे नाहीत.

बाकीचा पोशाख

किल्ट झाला म्हणजे अर्धं काम झालं. डोक्यापासून सुरू करू. रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडची रोजची टोपी टॅम ओ'शँटर, तिला बटालियनप्रमाणं रंगीत पिसांचा तुरा, म्हणजे हॅकल. दुसऱ्या बटालियनचा पांढरा, तिसऱ्या म्हणजे ब्लॅक वॉचचा लाल, चौथ्याचा निळा, पाचव्याचा (तिची आता एकच कंपनी उरलीय) हिरवा. हॅकलचे रंग गठ्ठ्यात मिसळू देऊ नका, प्रत्येक रंगाची पेटी वेगळी. समारंभाला ग्लेनगॅरी, तिच्यावर काळ्या रानकोंबड्याची पिसं, ब्लॅककॉक म्हणतात त्याला.

बँडवाल्यांचं फेदर बॉनेट म्हणजे वेगळाच कारागीर लागतो. तारेचा पिंजरा, त्यावर काळी रंगवलेली शहामृगाची पिसं, बाजूने लोंबणाऱ्या शेपट्या. पावसात भिजलं की झटकून सावलीत, हवेशीर जागी वाळवायचं, हीटरजवळ अजिबात नाही, आणि नेहमी पेटीत ठेवायचं. हे स्वतः करायला जाऊ नका, जाणकाराला उपकाम द्या आणि त्याचा वेळ तुमच्या वेळापत्रकात आधीच धरा.

अंगात डब्लेट नावाचं जॅकेट, खाली झालरीसारखे फ्लॅप असलेलं. खांद्यावरून प्लेड आणि त्याला गोल ब्रूच, प्लेडचं कापड किल्टच्याच लॉटमधून कापा नाहीतर शेजारीशेजारी शेड दिसते. स्पोरन घोड्याच्या केसांचा, त्यावरचे गोंडे रेजिमेंटची ओळख. सीफोर्थचा पांढरा आणि दोन काळे गोंडे, कॅमरनचा उलटा, काळा आणि दोन पांढरे, आर्गाइलचे सहा गोंडे. आर्गाइलच्या ऑफिसर-सार्जंटांचा बॅजरच्या तोंडाचा स्पोरन असायचा, पण बॅजर ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने संरक्षित प्राणी आहे, त्यामुळं जुन्याची दुरुस्ती करा किंवा नव्याचा विचार असेल तर कातड्याची सगळी कागदपत्रं आधी बघा. पायात चौकडीचे होज म्हणजे लांब मोजे, स्पॅट्स (बुटावरून घोट्यापर्यंत चढवायचं कापडी आवरण) असतील तर खालून पाऊल नसलेले होज टॉप चालतात, लाल गार्टर, आणि मोज्यात स्कीन डू नावाचा छोटा सुरा. सुऱ्याची ऑर्डर असेल तर तो किल्टच्या गठ्ठ्यात टाकून पाठवू नका, धारदार वस्तूंचे पाठवणीचे नियम वेगळे असतात.

तपासणी आणि देणं

आपण आपली तपासणी ग्राहकाच्या आधी करायची. मी दहा किल्ट एका दांडीवर ओळीने, पाठ बाहेर करून लावते आणि दहा पावलं मागं जाऊन बघते. जवळून चुका दिसत नाहीत, लांबून लगेच दिसतात. रेष कुठं तुटते, काठ कुठं वर गेलाय, रंग कुठं वेगळा. मग प्रत्येकाच्या चुण्या मोजायच्या, बक्कल ओढून बघायचे, काज ताणून बघायचं. त्यानंतर युनिटमध्ये पहिले तीन-चार नग जवानांना घालायला लावून चालायला सांगा, उभं राहून नाही, चालून. मी अशा वेळी पाइप मेजरना, म्हणजे पाइप वाजवणाऱ्यांच्या प्रमुखांना, विनंती करते की थोडं वाजवा, कारण पाइपच्या तालावर जवान खरं चालतात, आणि चुणी कशी झोका घेते ते तेव्हाच कळतं.

देताना किल्ट घडी घालायचा नाही, चुण्यांच्या दिशेने लांब गुंडाळी करायची किंवा कमरेला क्लिप लावून टांगायचा. स्टोअरकीपरला बसवून सांगा, लोकरीला कसर लागते, वापरून झाल्यावर ब्रशने झाडायचा, हवेत ठेवायचा, मग पिशवीत. भिजलेला किल्ट टांगून वाळवा पण उन्हात नाही. पहिल्या महायुद्धात खंदकात किल्ट घालून लढले तेव्हा वर खाकी एप्रन बांधायचे, तरी चिखल काठाला गोठून मांड्या कापल्या जायच्या आणि चुण्यांत उवा व्हायच्या. नंतर लढाईतून किल्ट काढला, १९४० मध्ये कॅमरन हायलँडर्सनी तो शेवटचा घातला असं सांगतात. आता तो फक्त समारंभाचा कपडा आहे, पण पाऊस तिथला तोच आहे, त्यामुळं ओल्या किल्टची काळजी अजूनही शिकवावी लागते.

प्रत्येक किल्टच्या आत कापडी लेबल शिवा, त्यावर नंबर, कंबर, सीट, लांबी, चुण्यांची संख्या, आणि डाय लॉट. तीच माहिती तुमच्या वहीत. आणि त्या लॉटचा अर्धा वार कापड, त्याच नंबरची चिठ्ठी टाचून, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवून द्या. पाच-सात वर्षांनी कुणीतरी सिगारेटचं भोक पडलेला किल्ट घेऊन येईल, तेव्हा ठिगळाला तोच हिरवा लागेल.